लोकरीनं ओढून घेतलं

आमच्या मास्तरांना आज काही विचारलं तर उत्तर उद्या यायचं. थट्टा नाही, खरंच. सकाळी कोणी विचारावं, "मास्तर, जेवण झालं का?" तर मास्तर मान हलवून पुढं जायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला वाटेत गाठून सांगायचे, "झालं. पिठलं होतं." तो बिचारा बैलं घेऊन रानात चाललेला. त्याला उमगायचं नाही की हे कुठलं पिठलं आणि आपल्याला कशाला सांगायलेत. शहाण्या माणसांनी मग त्यांना विचारणंच सोडलं. आम्ही पोरं मात्र मुद्दाम विचारायचो आणि दुसऱ्या दिवशी उत्तराची वाट बघायचो. ते उत्तर येईपर्यंत आम्ही प्रश्न विसरलेलो असायचो, आणि त्यातच सगळी गंमत.

ही निजामाच्या वेळची गोष्ट. झरीच्या पलीकडं तीन कोसांवर आमचं गाव. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, गावचे पटवारी. घराला लागून आमची सरकी ठेवायची लांबोडकी कोठी होती. ती नानांनी शाळेला दिली होती, म्हणून तर मला शाळेत बसायला मिळालं. नाहीतर सहा वर्षांच्या पोरीला शाळेत घालायची रीत आमच्यात कुठं होती? अव्वलची, म्हणजे पहिलीची, एकच जमात, चौदा लेकरं, त्यात पोरी दोनच. एक मी आणि एक चंद्री.

मास्तर कुठले, कोणाचे, हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. डोक्यावर लाल रुमी टोपी, अंगात काळी शेरवानी. ते ठीक होतं, सरकारी नोकरी म्हणजे तो पोशाख आलाच. पण टोपी काढली की आत अंगठ्याएवढी शेंडी. म्हणून बामण म्हणावं, तर आमच्या आत्यानं जेवायला बोलावलं तेव्हा दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मी कोणाच्या हातचं खात नाही." आता आत्याच्या हातचं न खाणारा बामण जगात कुठं असतो? आत्या बालपणी विधवा होऊन माहेरी आलेली, आणि सोवळ्याओवळ्यात आख्ख्या गावात शेवटचा शब्द तिचा. तिला हे लय लागलं. आठ दिवस ती म्हणत होती, "मेला माझ्यापेक्षा सोवळा आहे, का मला बाटवायला निघालाय, काही कळंना." अजानची हाक आली की मास्तर खडू धरलेला हात तसाच वर ठेवून गप उभे राहायचे. देवळातली घंटा वाजली तरी उभे राहायचे. एकदा आमची म्हैस ओरडली तरी उभे राहिले. आता काय समजायचं माणसानं?

गावात आले तेव्हा त्यांच्या खांद्याला एक माणूसभर लांबीची कमान आणि तिला आतड्याची तात. लोकांना वाटलं, कसलं तरी वाद्य आहे, मास्तर भजनी दिसतात. संध्याकाळी पारावर दहावीस माणसं जमली. "मास्तर, होऊ द्या की काही." मास्तरांनी कमान घेतली, तात ओढून सोडली. टंव. परत टंव. झालं. माणसं पुढच्या पदाची वाट बघत बसली. मग एका म्हाताऱ्यानं हळूच सांगितलं, "अरे, ही पिंजाऱ्याची कमान हाय. कापूस पिंजायची." तेव्हापासून निम्मं गाव त्यांना पिंजारी म्हणू लागलं. शेंडीवाला पिंजारी! आम्हा पोरांना दोन्ही खरं वाटायचं.

शिकवायचे कसे, ते सांगते. ते म्हणायचे, "आधी पाय, मग हात, मग डोळे, सगळ्यात शेवटी डोकं." पाढे बसून म्हणायचेच नाहीत. उभं राहायचं, एक पाय आपटायचा, बे एके बे. दुसरा आपटायचा, बे दुणे चार. कोठीच्या भुईवरची धूळ उडून आम्ही सगळे पांढरे व्हायचो. नाना पलीकडं दप्तर लिहीत बसलेले असायचे, ते ओरडायचे, "मास्तर, भिंत पडंल!" आणि उद्या मास्तर नानांना सांगायचे, "नाही पडणार. मी बघितली."

आता चंद्रीचं सांगते. चंद्री वेशीबाहेरची. तिचा बाप गावचा येसकर, सरकारी सांगावे पोचवणारा. त्या काळी त्यांच्या सावलीचाही लोक विटाळ मानायचे, तर शाळेत बसणं दूरच. मास्तरांनी कुठल्या तरी सरकारी हुकमाचा कागद दाखवला, पाटील आणि नानांनी तो उलटासुलटा करून बघितला, आणि असं ठरलं की येईना का, पण उंबऱ्याच्या बाहेर बसेल. ती बसायची. पावसात भिजायची, थंडीत कुडकुडायची, पण खाडा नाही. आम्ही आत आपापली बसकुरं घेऊन, कोणाचं पोतं, कोणाची गोधडी, आणि ती बाहेर दगडावर. तिचे डोळे जन्मापासून अधू. लांबचं दिसायचं नाही. मास्तरांनी एकदा विचारलं, "चंद्रे, फळा दिसतो का?"

"दिसतोय की, मास्तर."

"काय दिसतं त्याच्यावर?"

"काळं दिसतंय."

सगळी पोरं हसली. चंद्रीही हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. दुसऱ्या दिवशी पोरीजवळ जाऊन म्हणाले, "मलाही काळंच दिसलं." ते काय बोलले ते ना तिला कळलं ना आम्हाला.

पण एवढं आम्हाला लहान असून कळत होतं, की चंद्री आत आली नाही तर तिला अक्षर येणार नाही. तिला लय यायचं होतं हो. पाटीवर ती नुसत्या रेघा काढायची आणि मला लांबून दाखवायची, "हे बराबर हाय का गं?" मी म्हणायची, "नाही." मग ती पुसायची.

त्या थंडीत पाटलाच्या रानात धनगरांनी मेंढरं बसवली होती. मास्तर तिकडं गेले आणि चार पोती लोकर घेऊन आले. म्हणाले, "पोरांनो, आपण बुरणूस करायचा. सगळ्यांना बसायला एकच."

बुरणूस म्हणजे विणायचा नाही बरं. घोंगडी विणतात, बुरणूस थापतात. लोकर पिंजून पसरायची, ऊन पाणी मारायचं, गुंडाळायचं आणि तुडवायचं. तुडवून तुडवून ती एकमेकीत अशी गुंतते की मग कोणाच्या बापाला सुटत नाही. पण आम्हाला काय माहीत? आम्ही पंधरा दिवस लोकरीतली कुसळं आणि गोखरू वेचत होतो. मास्तर कोपऱ्यात बसून पिंजायचे, टंव टंव टंव, आणि लोकरीचा ढग उठायचा. चंद्री उंबऱ्याबाहेर तिच्या वाटणीचा ढीग वेचायची. डोळे अधू, पण जवळचं तिला आमच्यापेक्षा चांगलं दिसायचं. तिच्या लोकरीत एक कुसळ सापडायचं नाही.

घरोघर बोंब झाली. पाटील आले ते दारातूनच ओरडत. "मास्तर, पोरं काय मेंढरं हायत व्हय? शाळेत धाडली का लोकर काढाया धाडली?"

मास्तर म्हणाले, "जी हुकूम." ते सगळ्यांनाच जी हुकूम म्हणायचे, म्हशीलासुद्धा.

पण खरा घोळ पुढंच होता. एके सकाळी मास्तर आमच्या अंगणात आले आणि तुळशीपाशी उभ्या आत्याला हात जोडून म्हणाले, "आत्याबाई, एक शंका आहे. लोकरीला विटाळ होतो का?"

आमची आत्या काही उत्तर उद्यावर ठेवणारी नव्हती. अंगावरची धाबळी सावरून म्हणाली, "एवढं शिकलात आणि हे माहीत नाही? कापूस शिवला की बाटतो. लोकर सोवळी. लोकरीला कोणी शिवलं तरी तिला काही होत नाही. म्हणून तर आम्ही धाबळी नेसतो."

"ओली असली तरी?"

"ओली का वाळली, लोकर ती लोकर. पावसाळ्यात माझी धाबळी कधी वाळते मेली!"

"जी हुकूम," म्हणाले मास्तर, आणि गेले. आत्या खूश. इतक्या दिवसांनी मास्तरांनी तिला काही विचारलं होतं.

दुपारी मास्तरांनी नानांना आणि पाटलाला बोलावून सांगितलं, बुरणूस लोकरीचा आहे, लोकरीला विटाळ नाही, असा आत्याबाईंचा निवाडा आहे, तेव्हा चंद्री आत, बुरणुसावर बसेल.

पाटील नानांकडं बघायला लागले आणि नाना घराकडं. आत्याला बाहेर बोलावलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती म्हणाली, "मी म्हटलं हे खरं. पण मी धाबळीचं म्हटलं." मग म्हणाली, "पण धाबळी लोकरीचीच की." आपलाच शब्द गिळता येईना आणि थुंकता येईना.

चंद्रीचा बाप लांब, बाभळीखाली उभा होता. तोच म्हणाला, "मालक, तिला उंबऱ्यावरच असू द्या. उगं वाद कशाला. उद्या मलाच भोवंल." आणि चंद्री बापाकडं अशी बघत होती की मला वाटलं ही आता रडते. रडली नाही.

मग तास दीड तास घोळ होऊन नानांनी तोड काढली. नाना मोजणीचे माणूस, त्यांना कुठलाही वाद मोजून सोडवता येतो असं वाटायचं. एका ओळीत चौदा लेकरं. एकेकाला एक हात जागा. तेराजण सलग, मग दोन हात रिकामी जागा, आणि पलीकडं चंद्री. पाटील म्हणाले, "आणि त्या रिकाम्या जागेच्या अलीकडं कोणाचं पोरगं बसंल? माझं नाही बसणार." कोणाचंच बसेना. तेव्हा नाना म्हणाले, "माझी पोर बसंल."

असं ते ठरलं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, तेही मला माहीत नाही.

मग पटांगणात तरट अंथरून लोकर पसरायला सुरुवात झाली. सोळा हात लांब, दीड हात रुंद. नानांनी स्वतः आपल्या हातानं, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, मोजून दिलं. काळ्या लोकरीवर पांढऱ्या लोकरीच्या रेघा घातल्या, म्हणजे प्रत्येकाची जागा कळावी. दोन हात रिकाम्या जागेलाही दोन रेघा, अलीकडं एक, पलीकडं एक. लोकर थोडी कमी पडायला लागली. पाटील उभे होतेच. ते म्हणाले, "त्या मधल्या जागेत दाट कशाला घालायलात? तिथं कोण बसणार हाय? पातळ घाला तिथं."

मास्तरांनी पाटलाकडं बघितलं. मग नानांकडं. मग म्हणाले, "जी हुकूम." आणि मधल्या जागेत त्यांनी लोकर अशी घातली की खालचं तरट दिसत होतं.

रिठ्याचं कढत पाणी शिंपडलं, तरटासकट सगळं गुंडाळलं, दोऱ्या बांधल्या. दोन खांबांना आडवी दोरी बांधून तिला धरून आम्ही सहासहा जण त्या गुंडाळ्यावर पाय देऊन पुढं मागं लोटायचो. बे एके बे. बे दुणे चार. फेस यायचा, पायाला गुदगुल्या व्हायच्या, पोरं खिदळायची. चंद्री दोरीच्या शेवटी. ओली का वाळली, लोकर ती लोकर, म्हणून तिला कोणी अडवलं नाही. आत्या दारातून बघत होती आणि ओठ हलवत होती. जप करत होती का मास्तरांना शिव्या देत होती, कळलं नाही. दोन दिवस आम्ही तुडवलं. एकोणतीसपर्यंत पाढे झाले. माझे एकोणतीसचे पाढे आजही पाठ आहेत, आणि ते मला पायातूनच आठवतात. बसून म्हटले तर चुकतात.

तिसऱ्या दिवशी गुंडाळा सोडला. गाव जमलं होतं. मास्तरांनी बुरणूस उलगडला, आणि उलगडला, आणि संपला.

सोळा हातांचा बुरणूस साडेदहा हात भरला.

नानांनी परत मोजला. मग पाटलानं मोजला. कोणाचा हात लांब, कोणाचा आखूड, पण साडेदहाच्या वर कोणाचाच जाईना. आमच्या एकेक हाताच्या जागा पाऊण हातालाही भरेनात. आणि त्या दोन रेघांच्या मधली ती रिकामी जागा, जिथं पातळ घातलं होतं, ती आटून आटून एका विताची राहिली होती. एक वीत!

"मास्तर," नाना म्हणाले, "दोन हात ठरले होते."

"दोनच घातले होते. तुमच्याच हातानं मोजले." मास्तरांनी पहिल्यांदाच जागच्या जागी उत्तर दिलं.

"मग गेले कुठं?"

"लोकरीनं ओढून घेतलं," मास्तर म्हणाले. "पातळ असलं की जास्त ओढते."

आणि ते मटकन खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचा चेहरा असा पडला होता की माझ्या आईनं आतून पाण्याचा तांब्या पाठवला. आता मला सांगा, ज्याला लोकर पिंजता येते, ज्याला पातळ असलं की जास्त आटतं हे ठाऊक आहे, त्यानं ते आधी सांगितलं का नाही? आणि मुद्दाम केलं म्हणावं, तर त्याचा चेहरा असा का पडला? सत्तर वर्षं मी हा हिशोब लावायलेय, लागत नाही. नानांनी त्यांना तिथंच विचारलं होतं, "मास्तर, तुम्हाला हे माहीत होतं का?" पण घोटाळा असा की त्याच दिवशी नानांनी जाताजाता आणखी एक विचारलं, "सोमवारी झरीच्या बाजाराला येणार का?" दुसऱ्या दिवशी मास्तर नानांना गाठून म्हणाले, "होय." नुसतं होय. आणि सोमवारी ते बाजाराला गेले नाहीत.

ते असो. बुरणूस कोठीत अंथरला आणि आम्ही बसलो. बसलो म्हणजे कोंबलो. माझा डावा गुडघा पाटलाच्या पुतण्याच्या मांडीवर, आणि उजवा, त्या एका विताच्या पलीकडं, चंद्रीच्या गुडघ्याला लागलेला. तिचा गुडघा गार होता, एवढं मला आठवतं. ती हलली नाही, मी हलले नाही. समोर फळा होता आणि फळ्यावर मास्तरांनी एकच अक्षर काढलं होतं, मोठं, घागरीएवढं. चंद्री त्याच्याकडं डोळे बारीक करून बघत होती. तिला ते दिसायला लागलं होतं.

दारात पाटील, नाना, आणखी दोघंचौघं. पाटील म्हणाले, "हे चालायचं न्हाई. तिला परत उंबऱ्यावर घाला." आणि मग नाना मला म्हणाले, "ऊठ." मी उठले. माझी जागा मोकळी झाली. पाटलानं वाकून मोजलं, सव्वा हात भरलं. जरा थांबले, आणि म्हणाले, "दोनच धरा."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. ठरल्याप्रमाणं अंतर राहिलं, चंद्री आत राहिली, आत्याचा शब्द राहिला. सगळ्यांचं सगळं राहिलं, आणि माझी शाळा गेली. त्या दिवसानंतर मी कोठीत पाय टाकला नाही. मी वाचायला शिकले ती नंतर, एकटीनं, नानांच्या रद्दीवरून आणि वाण्याच्या पुड्यांवरून, ते निराळं.

पण मास्तरांचा विक्षिप्तपणा इथं संपला नाही. वर्षाच्या शेवटी जमातीचा निकाल आला. त्यात माझं नाव होतं. अव्वल पास. आणि हजेरीपटात माझ्या नावापुढं रोज, एकही दिवस न चुकता, हाजिर. नानांना हसावं का रागवावं कळेना. "ही पोर घरात डाळ निवडायलीय आणि हा माणूस हिला हाजिर मांडतोय! शाळा तपासणाऱ्या नाझरसाहेबांनी बघितलं तर माझी पटवारकी जाईल." मास्तरांना विचारायला ते गेले, पण तोवर मास्तरांचा तबादला झाला होता. सामान बैलगाडीत, कमान खांद्याला. नानांनी गाडीमागं चालत विचारलं, "मास्तर, ही पोर पास कशी?" मास्तरांनी मान हलवली. गाडी गेली. उद्याचं उत्तर काही आलं नाही, कारण उद्या ते आमच्या गावात नव्हतेच.

पुढं गडबडीची वर्षं आली, निजाम गेला, माझं लग्न झालं, गाव सुटलं. मास्तर कुठं गेले, कोणी म्हणायचं गंगाखेडला, कोणी म्हणायचं बिदरकडं. एकानं तर सांगितलं की ते कधी मास्तर नव्हतेच.

मागं एकदा परभणीला डोळ्यांचं दाखवायला गेले होते. स्टँडवर माहेराकडं जायला झरीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले, तर शेजारी एक जाड चष्म्याची बाई. पांढरं पातळ, मांडीवर पिशवी. माझ्याकडं बघते, बघते, आणि म्हणते, "पटवाऱ्याची ना तू?"

चंद्री! परभणीला दवाखान्यात नर्स होती म्हणे आयुष्यभर, आता रिटायर. आम्ही दोघी म्हाताऱ्या अशा बोलायला लागलो की आजूबाजूचे बघायला लागले. लेकरंबाळं, गुडघेदुखी, सगळं झालं. मग मी म्हटलं, "चंद्रे, एक सांग. मास्तरांनी ते मुद्दाम केलं होतं का गं?"

"काय की बाई. मला वाटायचं तुला म्हाईत असंल. तुमचंच घर शाळेला लागून."

"मला कुठं माहीत. नानांनी मला उठवलं, तिथं माझी शाळा संपली."

चंद्री माझ्याकडं बघायला लागली. "नानांनी?"

"मग? ऊठ म्हणाले की."

"न्हाई गं," चंद्री म्हणाली. "नाना दाराशी गप हुते. एक शबूद बोलले न्हाईत. पाटील म्हनले, हिला उंबऱ्यावर घाला. मी उठायलाच लागले हुते, पाटी बी उचलली हुती. तेवढ्यात तूच उठलीस. कोनी काई म्हनायच्या आदी."

मी म्हटलं, "तुझं चुकायलंय."

"माझे डोळे तेवढे अधू, कान न्हाईत." मग हसली आणि हसता हसता थांबली. "मला तुला एक विचारायचं हुतं. म्हटलं कवा भेटली तर विचारीन. तू का उठलीस? मी उठू नये म्हनून उठलीस, का माझा गुडघा लागला म्हनून?"

उत्तर असायला पाहिजे होतं. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, सुनांना, नातवंडांना, की मला नानांनी उठवलं. आणि आता ती म्हणते तसं डोळ्यांपुढं आणलं तर तेही दिसतं. नाना दारात, तोंड मिटलेलं. मी उभी. पण उठतानाचं माझ्या पोटात काय होतं, माया का किळस का आत्याचं भ्या, ते काही दिसत नाही. तिथं नुसतं काळं दिसतं.

"मला आठवत नाही गं," मी म्हटलं. "देवाशपथ आठवत नाही."

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मास्तर रोज हजेरीला तुझं नाव घ्यायचे. आमी गप. मास्तर म्हनायचे, पानी प्यायला गेलीय, यील. आन् हाजिर लिवायचे. नाझरसाहेब तपासनीला आले, त्यांनी मोकळी जागा बघून विचारलं, ही कोनाची? मास्तर म्हनले, एका पोरीची हाय साहेब, पानी प्यायला गेलीय. वरीसभर!"

"इतका वेळ पाणी पितं का कोणी?"

"मी इचारलं हुतं. दुसऱ्या दिशी म्हनले, तिच्या घरचा रांजण लय खोल हाय."

आम्ही दोघी हसलो. हसून हसून चंद्रीनं चष्मा काढून पुसला, मी पदरानं डोळे पुसले. तेवढ्यात झरीची गाडी फलाटाला लागली. माणसं पोतीबोचकी घेऊन धावली, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला लागली.

"गाडी लागली की गं तुझी," चंद्री म्हणाली. "ही गेली तर मग सांजेलाच हाय."

बाक आखूड होता. पलीकडं कोणीतरी येऊन टेकलं, तशी ती जरा माझ्याकडं सरकली. कंडक्टरनं दोनदा ओरडून विचारलं, झरी कोण आहे का, झरी.

मी उठले नाही.